ब्रीसचा उजवा खांदा आणि तीन संघ

३१ डिसेंबर २००५. सॅन दिएगोच्या क्वालकॉम स्टेडियमवर चार्जर्स आणि डेन्व्हर ब्रॉन्कोस या एनएफएलमधल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधल्या, दोन संघांचा हंगामातला शेवटचा साखळी सामना. चार्जर्स प्ले-ऑफच्या शर्यतीतून आधीच बाहेर पडले होते, त्यामुळे निकालावर काहीच अवलंबून नव्हतं. पहिल्या अर्धात चार्जर्स आपल्याच गोलरेषेजवळ अडकलेले असताना डेन्व्हरचा जॉन लिंच चार्जर्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून संघाची चाल चालवणारा खेळाडू, ड्रू ब्रीस याच्यावर येऊन आदळला आणि चेंडू सुटला. ब्रीसने चेंडूवर झेप घेतली. त्याच ढिगाऱ्यात जेरार्ड वॉरन हा जवळजवळ दीडशे किलोचा खेळाडू त्याच्यावर पडला आणि ब्रीसचा उजवा खांदा खोबणीतून निखळला. फेकीचा हात तोच.

खांद्याच्या खोबणीभोवती कूर्चेची एक कड असते, तिला लॅब्रम म्हणतात. हाड जागेवर धरून ठेवायचं काम तिचं. ब्रीसची ही कड पूर्ण गोलाकार फाटली होती आणि शेजारचा रोटेटर कफ, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या स्नायूंचा पट्टा, तोही अंशतः फाटला होता. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अलाबामातल्या बर्मिंगहॅम इथे डॉ. जेम्स अँड्र्यूज यांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया केली. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंचे खांदे आणि कोपरे दुरुस्त करण्यात त्या काळी अँड्र्यूज यांच्याइतकं नाव क्वचितच कुणाचं होतं. शस्त्रक्रिया उत्तम झाली असं त्यांचं मत होतं. पण क्वार्टरबॅकचा खांदा इतका फाटल्यावर पुन्हा पूर्ण ताकदीने चालेल का, याचं उत्तर द्यायला हाताशी फारशी आधीची उदाहरणं नव्हती.

आणि नेमका त्याच वेळी ब्रीसचा करार संपत होता.

इथे एक फरक आधी स्पष्ट करायला हवा, कारण आपल्याकडचा वाचक खेळाडूंच्या खरेदीविक्रीकडे आयपीएलच्या लिलावातून बघतो. लिलावात खेळाडू आपली मूळ किंमत सांगतो, पुढे हातोडा पडेल त्या संघाकडे जातो. एनएफएलमध्ये तसा प्रसंग एकदाच येतो, कॉलेजातून व्यावसायिक लीगमध्ये येताना. तिथे संघ पाळीपाळीने खेळाडू निवडतात आणि खेळाडूला पसंती नसते. पण ज्याच्या खात्यात किमान चार हंगाम जमा आहेत आणि ज्याचा करार संपला आहे, तो पूर्णपणे मोकळा. तो शहरं बघतो, प्रशिक्षकाशी बोलतो, संघाचे डॉक्टर त्याची तपासणी करतात, बायको घरं बघते, आणि मग तो स्वतः ठरवतो. ही मोकळीक खेळाडूंना कुणी आपखुशीने दिली नाही. कोर्टकचेऱ्या करून १९९३ मध्ये ती मिळाली, आणि रेजी व्हाइट हा नावाजलेला बचावपटू त्या वर्षी फिलाडेल्फिया सोडून ग्रीन बे पॅकर्सकडे गेला तेव्हा तिची ताकद सगळ्यांना दिसली. संघांच्या हाती एक लगाम मात्र उरला, फ्रँचाइज टॅग. संघ आपल्या एका मोकळ्या होणाऱ्या खेळाडूला एका वर्षाचा ठरावीक, तगडा पगार देऊन रोखू शकतो. त्यालाच पुन्हा टॅग लावायचा तर आदल्या वर्षापेक्षा किमान वीस टक्के जास्त मोजावे लागतात. ही तरतूद लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

सॅन दिएगो

चार्जर्सने ब्रीसला २००१ च्या कॉलेज खेळाडूंच्या निवडीत दुसऱ्या फेरीत, एकूण बत्तिसाव्या क्रमांकावर निवडलं होतं. उंची जेमतेम सहा फूट, म्हणजे या जागेसाठी कमीच. २००३ त्याच्यासाठी वाईट गेलं, मधल्या काळात त्याला बसवून चाळिशी ओलांडलेल्या डग फ्लूटीला खेळवावं लागलं आणि संघ ४-१२ वर, म्हणजे चार विजय आणि बारा पराभवांवर, संपला. त्या खराब निकालामुळेच २००४ च्या निवडीत चार्जर्सला पहिला क्रमांक मिळाला. त्यांनी ईलाय मॅनिंगला घेतलं. ईलायने सॅन दिएगोत खेळणार नाही असं आधीच सांगितलं होतं, म्हणून त्याच दिवशी न्यूयॉर्क जायंट्सशी अदलाबदल करून फिलिप रिव्हर्स आणला. ब्रीसची जागा भरायला माणूस आला होता.

पण रिव्हर्सच्या कराराची बोलणी लांबली, तो सराव शिबिराला उशिरा पोहोचला, आणि मिळालेल्या मुदतीत ब्रीसने आयुष्यातला तोवरचा सर्वोत्तम हंगाम खेळून दाखवला. त्याच्या फेकींवर २७ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलक्षेत्रात पोहोचवणं), फक्त ७ इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेल्या फेकी), संघ १२-४. आता त्याला सोडता येईना. २००५ साठी चार्जर्सने त्याला सुमारे ८० लाख डॉलरचा टॅग लावला. त्या वर्षी संघ ९-७ वर अडकला आणि शेवटच्या सामन्यात खांदा गेला.

चार्जर्सचे जनरल मॅनेजर ए. जे. स्मिथ यांच्यापुढचं गणित अवघड नव्हतं. बाकावर पहिल्या फेरीतला, मोठ्या पैशांचा, दोन वर्षं वाट पाहणारा तरुण क्वार्टरबॅक. समोर खांदा उघडून शिवलेला सत्तावीस वर्षांचा खेळाडू. दुसऱ्यांदा टॅग लावायचा तर जवळजवळ एक कोटी डॉलर, तेही कदाचित न खेळणाऱ्या माणसासाठी. त्यांनी पाच वर्षं, ५ कोटी डॉलर असा प्रस्ताव ठेवला. आकडा कानाला मोठा लागतो. पण पहिल्या वर्षीचा मूळ पगार त्यात २० लाख होता आणि बाकीचा बराचसा भाग कामगिरीवर अवलंबून होता.

एनएफएलच्या करारांत जाहीर होणारा मोठा आकडा बहुतेक वेळा हमीचा नसतोच. संघ पुढच्या वर्षी खेळाडूला काढून टाकू शकतो आणि उरलेला आकडा कागदावर राहतो. म्हणून खेळाडू आणि त्याचा एजंट एकच गोष्ट बघतात, पहिल्या दोन वर्षांत नक्की हातात काय पडणार. ब्रीसने प्रस्ताव बघितला आणि त्याचा अर्थ बरोबर लावला. आधी खेळून दाखव, मग बघू, असं हा कागद सांगत होता. २००४ च्या हंगामानंतर त्याला ते अपमानास्पद वाटलं, आणि मला त्यात त्याची चूक दिसत नाही. त्याने अव्वल क्वार्टरबॅकच्या तोडीचे पैसे मागितले, चार्जर्सने प्रस्ताव वाढवला नाही.

एरवी मोकळ्या खेळाडूंचा बाजार मार्चच्या सुरुवातीला उघडतो. त्या वर्षी मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातला करार अडल्याने तो पुढे ढकलला गेला आणि ११ मार्चला उघडला. नव्या करारामुळे प्रत्येक संघाची पगाराची कमाल मर्यादा २००५ च्या ८ कोटी ५५ लाखांवरून १० कोटी २० लाख डॉलरवर गेली. म्हणजे ब्रीस बाजारात आला तेव्हा सगळ्यांच्या खिशात अचानक पैसे होते. तरीही त्याच्यासाठी गंभीरपणे पुढे आले दोनच संघ.

मायामी

मायामी डॉल्फिन्सचे प्रशिक्षक निक सेबन. कॉलेज फुटबॉलमधलं मोठं नाव. एनएफएलमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून २००५ हे त्यांचं पहिलं वर्ष, आणि संघाने शेवटचे सहाही सामने जिंकून ९-७ अशी मजल मारली होती. चांगला क्वार्टरबॅक मिळाला की प्ले-ऑफ, अशी तिथली धारणा होती आणि ती चुकीची म्हणता येणार नाही.

डॉल्फिन्सच्या डॉक्टरांनी ब्रीसचा खांदा तपासला. ब्रीसने पुढे अनेकदा सांगितलंय की तो पूर्वीसारखा खेळण्याची शक्यता त्यांनी २५ टक्के धरली होती. डॉ. अँड्र्यूज यांना स्वतःच्या कामाबद्दल खात्री होती, पण मायामीने आपल्या डॉक्टरांचं ऐकलं. ब्रीसला हवे होते तेवढे पैसे द्यायला ते तयार झाले नाहीत. बोलणी थांबली आणि त्यांनी मिनेसोटा वायकिंग्जला दुसऱ्या फेरीतली एक निवड, म्हणजे नवा खेळाडू निवडायची आपली एक पाळी, देऊन त्यांचा क्वार्टरबॅक डाँटे कल्पेपर घेतला.

या प्रकरणावर बोलताना बहुतेक जण मायामीच्या डॉक्टरांवर खापर फोडून मोकळे होतात. मला ते पटत नाही. २५ टक्के म्हणजे शून्य नव्हे. चारातला एक माणूस बरा होतो, आणि ब्रीस तो एक असू शकतो. एका खेळाडूच्या निकालावरून डॉक्टरांचा अंदाज खोटा ठरत नाही. संघाच्या डॉक्टरांचं काम आशा देणं नाही, जोखीम सांगणं आहे. ती त्यांनी सांगितली.

चूक पुढच्या पावलात होती. कल्पेपरचा २००४ चा हंगाम अफाट होता, फेकींवर ४,७१७ यार्डांची मजल आणि ३९ टचडाउन. पण ३० ऑक्टोबर २००५ ला कॅरोलायनाविरुद्ध त्याच्या उजव्या गुडघ्यातले तीन अस्थिबंध एका फटक्यात तुटले होते. ब्रीसच्या आधी दोनच महिने. म्हणजे मायामीने दुखापतग्रस्त क्वार्टरबॅक नाकारून धडधाकट क्वार्टरबॅक घेतला असं घडलंच नाही. त्यांनी एक दुखापत दुसऱ्या दुखापतीच्या बदल्यात घेतली, आणि वर दुसऱ्या फेरीतली निवड दिली. ब्रीससाठी निवड द्यावी लागणार नव्हती, तो मोकळा होता.

असं का झालं असावं? माझा अंदाज असा. गुडघ्याचे अस्थिबंध शिवून परत आलेले खेळाडू सगळ्यांनी पाहिले होते. त्याला किती महिने लागतात, व्यायाम कुठले, हे पाठ होतं. खांद्याची पूर्ण फाटलेली कड शिवून परत आलेला क्वार्टरबॅक कुणाच्या नजरेसमोर नव्हता. ओळखीची दुखापत कमी धोक्याची वाटते. पण कल्पेपर कोण होता, हा प्रश्न त्यात मागे पडला. एकशेवीस किलोच्या आसपासचा, धावत, बचावपटूंना अंगावर घेत खेळणारा क्वार्टरबॅक. त्याच्या खेळाचा निम्मा आधार पायांवर होता. ब्रीसचा खेळ पायांच्या ठेवणीवर, वेळेवर आणि अचूकतेवर चालायचा, हाताच्या निव्वळ ताकदीवर तो कधीच चालला नव्हता. फेकीची थोडी ताकद गेली असती तरी ब्रीस ब्रीस राहिला असता. चपळाई गेल्यावर कल्पेपरकडे त्या मानाने कमी उरत होतं. दोन्ही तपासण्या वैद्यकीय झाल्या. त्या फुटबॉलच्याही व्हायला हव्या होत्या.

न्यू ऑर्लिन्स

दुसरा संघ न्यू ऑर्लिन्स सेंट्स, आणि त्याची अवस्था आजही वाचवत नाही.

२९ ऑगस्ट २००५ ला कॅटरिना चक्रीवादळ किनाऱ्यावर आलं. बंधारे फुटले, शहराचा जवळजवळ ८० टक्के भाग पाण्याखाली गेला, हजाराहून जास्त माणसं गेली. सेंट्सचं मैदान, म्हणजे सुपरडोम, हजारो बेघर लोकांचा आसरा बनलं. छताचे पत्रे उडालेले, वीज नाही, संडास तुंबलेले, आणि त्यात माणसं दिवस काढत होती. २००५ चा हंगाम सेंट्सनी बेघर संघासारखा काढला. ‘घरचे’ सामने सॅन अँटोनियोत आणि बॅटन रूजला, एक तर थेट न्यू जर्सीत, प्रतिस्पर्धी जायंट्सच्याच मैदानावर. निकाल ३-१३. मालक संघ टेक्सासला हलवणार अशी भीती लोकांच्या मनात होती. स्थापनेपासून जवळपास चार दशकांत या संघाने प्ले-ऑफचा एकच सामना जिंकला होता.

जानेवारी २००६ मध्ये तिथे शॉन पेटन हे नवे मुख्य प्रशिक्षक आले. वय ४२, मुख्य प्रशिक्षक म्हणून पहिलीच नोकरी. चांगले खेळाडू या शहरात यायला तयार होतील का, हा त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न होता, आणि तो डावपेचांपेक्षा कितीतरी अवघड होता.

ब्रीस आणि त्याची पत्नी ब्रिटनी शहर बघायला आले. पेटन यांनी स्वतः गाडी चालवून त्यांना फिरवलं. सरोवरापलीकडच्या भागातली घरं दाखवून परतताना ते रस्ता चुकले. नव्या प्रशिक्षकालाही शहर नवंच होतं. आता हा माणूस हातचा गेला, असं आपल्याला वाटल्याचं पेटन यांनी नंतर सांगितलं आहे. ब्रीस दांपत्याने शहराचे उद्ध्वस्त झालेले भागही पाहिले, पाण्याने उचलून भलतीकडे नेऊन टाकलेली वाहनं, रिकाम्या वस्त्या. कुठल्याही संघाने पाहुण्याला हे दाखवायचं टाळलं असतं. हा भाग मला या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रीस ज्या अवस्थेत होता, त्याला लपवाछपवी नको होती. त्याचा स्वतःचा खांदा उघडा पडलेला होता, आणि समोरच्यांनी आपलं शहर तसंच उघडं ठेवलं.

भावनेइतकंच कराराचं लेखनही बघण्यासारखं आहे. १४ मार्च २००६ ला झालेला करार सहा वर्षं, ६ कोटी डॉलर. पण आतली रचना अशी की पहिल्या वर्षी हमीचे १ कोटी डॉलर, आणि दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर संघाकडे १ कोटी २० लाख डॉलरचा विकल्प. खांदा चालला तर विकल्पाचे पैसे भरायचे आणि पुढची वर्षं आपली. नाही चालला, तर विकल्प सोडून द्यायचा, एका वर्षाचं नुकसान. चार्जर्सने सगळी जोखीम ब्रीसच्या खांद्यावर ठेवली होती. सेंट्सनी पहिल्या वर्षाची जोखीम स्वतः उचलली आणि दुसऱ्या वर्षाचा निर्णय एक हंगाम बघून घ्यायची सोय ठेवली. मुद्दा सहा कोटींचा नव्हताच, एक वर्षाची मुदत विकत घेण्याचा होता.

यातून एक गोष्ट दिसते. खांदा एकच होता आणि त्याचा अहवालही तोच. तरी तिघांनी लावलेली किंमत वेगळी, कारण चूक झाली तर प्रत्येकाचं काय बुडणार होतं हे वेगळं होतं. चार्जर्सकडे रिव्हर्स होता, त्यांना थांबायची गरज नव्हती. मायामीला त्याच हंगामात जिंकायचं होतं, त्यांना थांबणं परवडत नव्हतं. सेंट्सकडे क्वार्टरबॅकच नव्हता, जुन्या अ‍ॅरन ब्रूक्सला त्यांनी मोकळं केलं होतं. ३-१३ च्या खाली फारसं पडायलाही जागा नव्हती. धाडस म्हणतात ते बऱ्याचदा असं गरजेपोटी जन्मतं. म्हणून पेटन आणि जनरल मॅनेजर मिकी लूमिस यांचं श्रेय कमी होत नाही. तळाला असलेले संघ कमी नसतात, त्यांतला प्रत्येक जण नीट करार लिहीत नाही.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. २००६ च्या हंगामाची सगळी वार्षिक तिकिटं विकली गेली, सेंट्सच्या इतिहासात पहिल्यांदाच. २५ सप्टेंबरला सुपरडोम पुन्हा उघडलं. अटलांटाविरुद्ध पहिल्याच मिनिटांत सेंट्सच्या स्टीव्ह ग्लीसनने पंट, म्हणजे पायाने दूर मारलेला चेंडू, अडवला, चेंडू गोलक्षेत्रात पकडून टचडाउन झाला आणि स्टेडियममधला आवाज कमी व्हायचं नाव घेईना. सेंट्स २३-३ जिंकले. ब्रीसने त्या हंगामात ४,४१८ यार्ड फेकले, लीगमध्ये सर्वांत जास्त. संघ १०-६ वर गेला आणि कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोल या लीगच्या अंतिम सामन्याच्या एक पायरी आधी, शिकागोकडून हरला. मायामीत कल्पेपर चार सामने खेळून बाहेर बसला, संघ ६-१० वर घसरला आणि जानेवारी २००७ मध्ये सेबन अलाबामा विद्यापीठात निघून गेले. चार्जर्सचं मात्र त्या वर्षी काही बिघडलं नाही. रिव्हर्सला घेऊन ते १४-२ खेळले, प्ले-ऑफमध्ये न्यू इंग्लंडकडून तीन गुणांनी हरले. रिव्हर्सने पुढे २०१९ पर्यंत ती जागा सोडली नाही, सुपर बोल मात्र त्याला कधी गाठता आला नाही. चार्जर्सचा निर्णय मूर्खपणाचा होता असं म्हणणाऱ्यांनी ही चौदा वर्षं एकदा बघावीत. चांगल्या निर्णयातूनही माणूस हातचा जातो.

७ फेब्रुवारी २०१० ला सेंट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ३१-१७ हरवून आपला पहिला सुपर बोल जिंकला. ब्रीसने ३९ पैकी ३२ फेकी अचूक दिल्या आणि सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. सामना झाला तो डॉल्फिन्सच्याच मैदानावर.

आता तो टॅग. २०१२ च्या सुरुवातीला ब्रीसचा सहा वर्षांचा करार पुरा झाला आणि सेंट्सनी त्याला फ्रँचाइज टॅग लावून रोखलं. दीर्घ कराराची बोलणी अडकली. तेव्हा खेळाडूंच्या संघटनेने लवादाकडे एक प्रश्न नेला. नियमाप्रमाणे एखाद्या खेळाडूला तिसऱ्यांदा टॅग लावायचा तर किमान ४४ टक्के वाढ द्यावी लागते. हे तीन टॅग एकाच संघाचे मोजायचे, की खेळाडूच्या साऱ्या कारकिर्दीतले? लवाद स्टीफन बरबँक यांनी जुलैमध्ये ब्रीसच्या बाजूने निर्णय दिला. सॅन दिएगोने २००५ मध्ये लावलेला टॅगही मोजायचा. म्हणजे २०१३ मध्ये सेंट्सनी पुन्हा टॅग लावला असता, तर तो तिसरा ठरला असता आणि त्याची किंमत त्यांना झेपली नसती. ज्या एका वर्षाच्या टॅगमुळे ब्रीस डेन्व्हरविरुद्धच्या त्या निरर्थक सामन्यात चार्जर्सच्या जर्सीत उभा होता, तोच टॅग सात वर्षांनी त्याच्या बाजूने उभा राहिला. दहा दिवसांत नवा करार झाला. पाच वर्षं, १० कोटी डॉलर. त्यात हमीची रक्कमच ६ कोटी होती, २००६ मध्ये जो पूर्ण कराराचा जाहीर आकडा होता तेवढी.